तळं कुठे गायब होतं हे शोधायला गुहांमध्ये शिरलेला सरदार, ज्याचा किल्ला एका पुस्तकापायी गेला

एक तळं आहे. पावसाळी दिवसांत ते इतकं पसरतं की देशातलं सगळ्यात मोठं तळं ठरतं. त्यात होड्या चालतात, मासे मिळतात, बदकं उतरतात. आणि मग कोरडे दिवस आले की ते चक्क नाहीसं होतं. नदीतून वाहून जात नाही, उन्हाने आटूनही जात नाही. तळाला असलेल्या भोकांमधून ते जमिनीत उतरतं. काही आठवड्यांनी जिथे होडी होती तिथे लोक गवत कापत असतात.

या तळ्याचं नाव त्सेर्कनित्सा. ते आहे युरोपातल्या स्लोव्हेनिया या छोट्या देशात.

पाणी जातं कुठे आणि परत येतं कुठून, हा प्रश्न लोकांना शेकडो वर्षं पडला होता. १७व्या शतकात एका सरदाराने हा प्रश्न मनावर घेतला. तो तळ्याच्या काठावर हिंडला, कोळ्यांशी बोलला, मशाली घेऊन गुहांमध्ये शिरला. या कामामुळे तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद झाला. आणि आपल्या प्रदेशावर पुस्तक काढण्याच्या याच नादात त्याचा किल्ला गेला, छापखाना गेला, आयुष्यभर जमवलेली पुस्तकंही गेली.

त्याचं नाव यानेझ वायकार्ड वाल्वासोर. स्लोव्हेनियात शाळेतल्या पोरांनाही हे नाव माहीत असतं. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणी ऐकलेलं नाही.

घर श्रीमंतांचं, पाय भटक्याचे

वाल्वासोरचा जन्म १६४१ सालचा, ल्युब्लियाना शहरातला. आज ही स्लोव्हेनियाची राजधानी आहे. तेव्हा स्लोव्हेनिया नावाचा देश नव्हता. हा भाग कार्निओला म्हणून ओळखला जायचा आणि तिथे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता होती. वाल्वासोरांचं कुळ मूळचं इटलीतल्या बेर्गामो भागातलं. पैसा, जमीनजुमला, किल्ले, सगळं होतं. पण घरात भावंडं भरपूर आणि यानेझ त्यात बाराव्या नंबरचा. तो दहा वर्षांचा असतानाच वडील वारले.

१७व्या वर्षी त्याने ल्युब्लियानामधल्या जेझुइट पाद्रींच्या शाळेतलं शिक्षण संपवलं. पुढे विद्यापीठात जायचं सोडून त्याने प्रवासाला निघायचं ठरवलं. पुढची १४ वर्षं तो युरोपभर फिरत होता. मध्येच १६६३-६४ मध्ये तुर्कांविरुद्धच्या लढाईत उतरला. नंतर उत्तर आफ्रिकेत ट्युनिसपर्यंत जाऊन आला. फ्रान्समध्ये स्विस पलटणीत शिपाईगिरीही केली.

या भटकंतीत एक गोष्ट त्याला सलत राहिली. जाईल तिथे त्या त्या प्रदेशाची नकाशे आणि चित्रं असलेली जाडजूड पुस्तकं त्याला दिसत. कार्निओलावर मात्र धड काही नव्हतं. परक्या मुलखातल्या लोकांना हा प्रदेश कुठे आहे हेही सांगता येत नसे. ज्यांनी थोडंफार लिहिलं होतं, त्यांनी बरंचसं ऐकीव माहितीवर लिहिलं होतं.

१६७२ मध्ये तो परतला. लग्न केलं आणि त्याच वर्षी बोगेन्श्पेर्क नावाचा डोंगरावरचा किल्ला विकत घेतला. एखाद्या सरदाराने इथे शिकारी केल्या असत्या, मेजवान्या दिल्या असत्या. वाल्वासोरने किल्ल्यात पुस्तकं भरायला सुरुवात केली. पुस्तकं, छापील चित्रं, नाणी, मोजमापाची उपकरणं असं सगळं जमत गेलं.

किल्ल्यातला छापखाना

१६७८ मध्ये त्याने किल्ल्यातच छापखाना थाटला. हा अक्षरांचा नाही, चित्रांचा छापखाना होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेघांमध्ये शाई भरायची, पत्र्याचा वरचा भाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचा, अशी ती पद्धत. कार्निओलात असं काही तोपर्यंत नव्हतं. त्याने बाहेरून कलाकार आणले, त्यांना किल्ल्यातच ठेवून घेतलं. पुढे क्रोएशियाचा इतिहासकार म्हणून नावाजलेला पावाओ रिटर विटेझोविच हासुद्धा उमेदीच्या काळात इथेच काम करत होता.

चित्रं काढायची तर आधी जागा बघायला हव्यात. म्हणून वाल्वासोर स्वतः गावोगाव फिरला. किल्ले, मठ, गावं, बाजारपेठा यांची रेखाटनं केली. १६७९ मध्ये कार्निओलाच्या शहरांचं आणि किल्ल्यांचं चित्रमय पुस्तक निघालं. दोन वर्षांनी शेजारच्या कॅरिंथिया प्रांताचं निघालं. पण हे सगळं त्याच्या डोक्यातल्या मोठ्या पुस्तकाची तयारी म्हणूनच चाललं होतं.

जमिनीवरचा मुलूख आणि जमिनीखालचा

कार्निओलाच्या उत्तरेला आल्प्स पर्वत आहे. तिथे ब्लेड आणि बोहीन ही प्रसिद्ध तळी आहेत. हिमनद्यांनी घडवलेल्या खोलगट भागात ती वर्षभर भरलेली असतात. दक्षिणेकडे उतरत गेलं की जमीन बदलते. इथे सगळीकडे चुनखडीचा दगड आहे.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडी हळूहळू विरघळवतं. हजारो-लाखो वर्षांत भेगांची भोकं होतात, भोकांचे बोगदे होतात, बोगद्यांच्या गुहा होतात. नदी चालता चालता जमिनीत शिरते आणि काही मैलांवर दुसऱ्या नावाने बाहेर येते. अशा भूभागाला जगभर कार्स्ट म्हणतात. हा शब्द आला तोच मुळी स्लोव्हेनियाच्या क्रास नावाच्या पठारावरून.

वाल्वासोरच्या काळात यातलं काहीच शास्त्र माहीत नव्हतं. गुहा म्हणजे भुतांची जागा, फार तर लपायची जागा. शहाणा माणूस आत जायचा नाही. वाल्वासोर गेला. त्याने जवळपास ७० गुहांची वर्णनं लिहून ठेवली आहेत.

पोस्तोयनाच्या गुहेत तो गेला. आज तिथे पर्यटक छोट्या रेल्वेत बसून आत जातात. तेव्हा आत वाट म्हणून काही नव्हती. गुहेचा आतला अवाढव्य भाग तर १८१८ मध्ये सापडला, म्हणजे वाल्वासोरनंतर सव्वाशे वर्षांनी. त्याला माहीत होता तो फक्त पुढचा भाग. तेवढ्यातही छतावरून लोंबणारे आणि जमिनीवरून वर आलेले दगडी खांब पाहून त्याला नाना आकृत्या दिसल्या.

कड्यातल्या गुहेच्या तोंडात बांधलेला प्रेदयामा किल्ला आणि त्यामागची गुहा त्याने पाहिली. श्कोत्स्यानला रेका नदी डोंगराच्या पोटात कशी शिरते, तेही त्याने लिहून ठेवलं. अंतरं, वाटा, पाणी, माती, आतला वारा, जे दिसलं ते टिपलं.

तळ्याचं गणित

या सगळ्यात त्याला सगळ्यात जास्त झपाटलं ते त्सेर्कनित्साच्या तळ्याने.

तळ्याच्या तळाला बरीच भोकं आहेत. स्थानिकांनी त्यांना नावं दिली आहेत. एकाचं नाव रेशेतो, म्हणजे चाळणी. दुसऱ्याचं व्होदोनोस, म्हणजे पाणी वाहून नेणारा. पाणी उतरायला लागलं की कुठल्या खड्ड्यात मासे कधी अडकणार याचा हिशेब कोळ्यांना पाठ होता. वाल्वासोरने हा हिशेब त्यांच्याकडून समजून घेतला. पाऊस पडला की कुठलं भोक पाणी गिळतं आणि कुठलं उलटं बाहेर फेकतं, हेही पाहिलं.

वादळी पावसात काही गुहांच्या तोंडातून पाणी जोरात उसळतं आणि पाण्याबरोबर बदकंही बाहेर येतात, असं त्याने नोंदवलं. काळी, अंगावर पिसं जेमतेम आणि डोळ्यांनी आंधळी बदकं. बाहेर आली की काही दिवसांत त्यांना दिसायला लागतं आणि ती उडून जातात, असं त्याचं म्हणणं होतं.

मग त्याने उत्तर मांडलं. डोंगराच्या पोटात आणखी तळी आहेत, वरच्या तळ्याखालीही एक तळं आहे आणि ही सगळी वाकड्या नळ्यांसारख्या वाटांनी जोडलेली आहेत. पिंपातलं रॉकेल नळीने ओढून काढताना एकदा धार लागली की ती आपोआप चालू राहते. याला सायफन म्हणतात. वाल्वासोरच्या मते डोंगरातही असंच घडत होतं. पाऊस झाला की आतली टाकी एका पातळीपर्यंत भरायची आणि मग सायफन सुरू होऊन सगळं पाणी एकदम तळ्यात यायचं किंवा तळ्यातून जायचं.

हे उत्तर बरोबर होतं का? पूर्ण नाही. आज माहीत असलेलं कारण जास्त साधं आहे. मोठा पाऊस झाला किंवा बर्फ वितळलं की तळ्यात येणारं पाणी जास्त असतं आणि भूमिगत वाटा तेवढं पाणी वाहून नेऊ शकत नाहीत. मग तळं भरतं. येणारं पाणी घटलं की त्याच वाटा तळं रिकामं करतात. मोरीत बादल्यांवर बादल्या ओतल्या तर पाणी तुंबतं आणि ओतणं थांबलं की निघून जातं, तसंच. त्यासाठी सायफन लागत नाही.

पण महत्त्वाचा भाग त्याने बरोबर ओळखला होता. तळ्यामागे जादू नाही, देवाचा कोप नाही. पाऊस, बर्फ, डोंगर आणि जमिनीखालच्या वाटा यांचा हा खेळ आहे. इथलं पाणी गुहांमधून राकोव्ह श्कोत्स्यानच्या दरीत बाहेर पडतं, पुन्हा जमिनीत जातं, उनित्सा नदी होतं, परत गडप होतं आणि शेवटी वर्ख्निका गावाजवळ ल्युब्लियानित्सा नदी म्हणून वर येतं. जिथे वाल्वासोर जन्मला, त्याच शहरातून ही नदी वाहते.

लंडनहून आलेलं उत्तर

त्या काळात युरोपातल्या विज्ञानाचं मोठं केंद्र होतं लंडनची रॉयल सोसायटी. वाल्वासोरने तिच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि तळ्याचं सविस्तर वर्णन पाठवलं. सोसायटीचा कारभार बघत होता एडमंड हॅली, ज्याच्या नावाने आज हॅलेचा धूमकेतू ओळखला जातो.

साल होतं १६८७. याच वर्षी न्यूटनचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ निघाला. सोसायटीकडे पैसे नसल्याने हॅलीने तो स्वतःच्या खिशातून छापला होता. आणि त्याच वर्षी वाल्वासोरचा तळ्यावरचा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात आला. वाल्वासोर रॉयल सोसायटीचा सभासद झाला. डिग्री नाही, विद्यापीठ नाही. एका आडबाजूच्या प्रांतातला माणूस केवळ स्वतः पाहिलेल्या गोष्टींच्या जोरावर तिथे पोहोचला होता.

घरी मात्र ते वर्ष वाईट गेलं. त्याची पहिली बायको आना रोझिना याच वर्षी वारली. मुलांचा मोठा संसार मागे होता. त्याने त्याच वर्षी दुसरं लग्न केलं.

ड्रॅगनचं पिल्लू, चेटकिणी आणि पहिला व्हॅम्पायर

वाल्वासोर म्हणजे आजच्या अर्थाने वैज्ञानिक होता असं समजलं तर गडबड होईल.

वर्ख्निकाजवळ एक झरा आहे. जोराचा पाऊस झाला की त्यातून लहानसा, फिकट, सरड्यासारखा जीव बाहेर येई. लोक म्हणत की डोंगराखाली ड्रॅगन राहतो आणि हे त्याचं पिल्लू. वाल्वासोरने ही हकिकत लिहून घेतली, पण ड्रॅगन मान्य केला नाही. हा जमिनीखाली राहणारा साधा जीव आहे, असं त्याने ठरवलं. तो जीव म्हणजे ओल्म. गुहांच्या अंधाऱ्या पाण्यात राहणारा, जवळपास आंधळा उभयचर. त्याची ही सगळ्यात जुनी लेखी नोंद मानली जाते. त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते १७६८ मध्ये.

पण हाच माणूस तळ्याशेजारच्या स्लिव्हनित्सा डोंगरावर चेटकिणी जमतात असंही लिहितो. इस्त्रियातल्या क्रिंगा गावात १६५६ मध्ये वारलेला युरे ग्रांडो नावाचा शेतकरी रात्री थडग्यातून उठून गावाला छळत होता आणि शेवटी गावकऱ्यांनी १६७२ मध्ये त्याचं थडगं उघडून डोकं उडवलं, ही गोष्टही त्यानेच लिहून ठेवली आहे. एका खऱ्याखुऱ्या नाव-गावाच्या माणसाला व्हॅम्पायरसारखं म्हटल्याच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. आज क्रिंगा गाव याच गोष्टीसाठी ओळखलं जातं.

म्हणजे तो अंधश्रद्धाळू होता का? त्याच्या काळातले बहुतेक लोक होते तेवढा होताच. फरक इतकाच की जिथे त्याला स्वतः जाऊन तपासता आलं, तिथे त्याचं लिखाण पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडलं. जिथे फक्त कानावर आलं, तिथे तो इतरांसारखाच फसला.

३,५०० पानं आणि रिकामा खिसा

१६८९ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरात त्याचं स्वप्नातलं पुस्तक छापून आलं. कार्निओला प्रांताचा गौरव, अशा अर्थाचं त्याचं जर्मन नाव. १५ भाग, चार जाडजूड खंड, ३,५०० हून जास्त पानं आणि ५२८ कोरीव चित्रं. संपादनाचं काम न्यूरेम्बर्गच्या एरास्मुस फ्रान्सिस्की या लेखकाने केलं होतं.

त्यात काय नव्हतं? नद्या, डोंगर, गुहा, तळी, शेती, पिकं, लोकांचे कपडे, लग्नाच्या चालीरीती, बोली, सण, किल्ल्यांचा इतिहास, तुर्कांच्या स्वाऱ्या. त्सेर्कनित्साच्या तळ्याला तर त्याने ऐसपैस जागा दिली, नकाशा दिला, पाण्याच्या वाटांच्या आकृत्या दिल्या.

पैसा कुणाचा? जवळपास सगळा वाल्वासोरचा स्वतःचा. कलाकारांचे पगार, तांब्याचे पत्रे, कागद, छपाई, वर्षानुवर्षांचा प्रवास. राजा पाठीशी नव्हता, विद्यापीठ नव्हतं. ज्या प्रांतासाठी हे चाललं होतं, तिथल्या सरकारदरबारातूनही खर्च भागेल एवढी मदत आली नाही. मधल्या काळात १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तेव्हा तो सैन्य घेऊन शेजारच्या स्टायरिया प्रांताच्या मदतीलाही गेला होता. कर्ज वाढत गेलं.

पुस्तक आलं तेव्हा वाल्वासोर ४८ वर्षांचा होता. त्यानंतरची चार वर्षं म्हणजे एकेक गोष्ट हातातून जाण्याची.

१६९० मध्ये त्याने ग्रंथसंग्रह विकला. सुमारे दीड हजार पुस्तकं आणि सात हजारांहून जास्त छापील चित्रं. घेणारे होते झाग्रेबचे बिशप अलेक्झांडर मिकुलिच. छापखाना गेला. जमीन गेली. १६९२ मध्ये बोगेन्श्पेर्कचा किल्ला गेला. शेवटी तो सावा नदीकाठच्या क्रश्को गावात एका घरात राहायला गेला. तिथेच १६९३ मध्ये, ५२व्या वर्षी, तो वारला.

नंतर काय झालं

ग्रंथसंग्रह एकाच गिऱ्हाईकाने एकगठ्ठा घेतला, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. सुटी सुटी विकली असती तर ती पुस्तकं आणि चित्रं युरोपभर पांगली असती. आजही हा संग्रह झाग्रेबमध्ये वाल्वासोरच्याच नावाने जपलेला आहे.

बोगेन्श्पेर्कचा किल्ला आता संग्रहालय आहे. १९०३ मध्ये ल्युब्लियानाच्या राष्ट्रीय संग्रहालयासमोर त्याचा पुतळा उभा राहिला. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला आणि नवं चलन आलं, तेव्हा २० टोलारच्या नोटेवर वाल्वासोरचा चेहरा छापला गेला. कर्जात बुडून गेलेल्या माणसाचा चेहरा देशाच्या नोटेवर. युरो येईपर्यंत ती नोट लोकांच्या खिशात होती.

त्याचं पुस्तक जर्मनमध्ये होतं. ते अख्खं स्लोव्हेनियन भाषेत यायला २१वं शतक उजाडलं. पण अभ्यासकांचं काम त्यावाचून कधीच अडल्याशिवाय राहिलं नाही. पडून गेलेले कित्येक किल्ले आणि मठ मूळचे कसे दिसत होते, हे आज कळतं ते बऱ्याचदा त्याच्याच चित्रांमुळे.

आणि तळं? १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते कायमचं भरलेलं ठेवायचा प्रयत्न झाला. पाणी ज्या गुहांमधून निसटतं त्यांची तोंडं भिंत घालून अडवली. पाणी दुसऱ्या वाटांनी निघून गेलं आणि तो नाद सोडून द्यावा लागला. आज हा सगळा परिसर संरक्षित आहे. पाऊस झाला की भोकांमधून पाणी वर येतं, मासे येतात, पक्षी येतात, आणि कोरडे दिवस आले की रेशेतोच्या चाळणीतून ते पुन्हा खाली उतरतं.